हेतू सांगितला नाही म्हणून गर्भित हमी नाहीशी होते का?

असे म्हटले जाते की, खरेदीदाराने वस्तूचा उपयोग स्पष्ट शब्दांत सांगितला नसेल, तर ती त्या उपयोगास योग्य असल्याची गर्भित हमी (करारात लिहिलेली नसली तरी कायदा गृहीत धरतो ती हमी) त्याला मागता येत नाही. हे विधान निम्मेच खरे आहे. इंग्लंडच्या १८९३ च्या मालविक्री कायद्यातील कलम १४ प्रमाणे हेतू विक्रेत्याला ‘स्पष्टपणे किंवा गर्भितपणे’ कळलेला असला तरी पुरत असे. प्रीस्ट विरुद्ध लास्ट (१९०३) या खटल्यात शेकण्याची रबरी पिशवी वापरताना फुटली आणि खरेदीदाराची पत्नी भाजली. अशा पिशवीचा नेहमीचा उपयोग एकच असल्यामुळे, ती मागण्यातच हेतू सांगितला गेला असे धरून न्यायालयाने विक्रेत्याला जबाबदार ठरवले.

गरज असाधारण असेल तर मात्र चित्र पालटते. ग्रिफिथ्स विरुद्ध पीटर कॉनवे (१९३९) मध्ये लोकरी कोटामुळे त्वचेला दाह झाला, पण खरेदीदार स्त्रीची त्वचा कमालीची संवेदनशील होती आणि विक्रेत्याला ते कळवलेले नव्हते, म्हणून दावा फेटाळला गेला. निकाल कठोर आहे, तरी मला तो योग्य वाटतो, कारण जे माहीतच नाही त्याबाबत विक्रेत्याने कौशल्य वापरावे तरी कसे?

राहिला नाममुद्रेचा, म्हणजे व्यापारी नावाचा मुद्दा: त्याच कलमानुसार ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने विकली गेली, तर योग्यतेची गर्भित हमी लागू होत नसे. बॉल्ड्री विरुद्ध मार्शल (१९२५) मध्ये खरेदीदाराने प्रवासाला सोयीची, आरामशीर मोटार मागितली होती आणि विक्रेत्यानेच बुगाटी सुचवली होती. त्यामुळे करारात ते नाव आले, एवढ्यावरून विक्रेत्याची जबाबदारी संपली नाही.