मदत हवी आहे: कोटा संपला तरी राइट यशस्वी, फाइल मात्र अर्धवट

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याचा सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरवर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, प्रत्येक डिझायनरला ठरावीक कोटा (डिस्कवरची जागा वापरण्याची मर्यादा). त्यांच्या लिनक्स मशीनवर होम फोल्डर एनएफएसने (सर्व्हरवरच्या फाइल्स नेटवर्कवरून वापरण्याची सोय) जोडलेलं. जकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या) फाइल्स पायथनची एक स्क्रिप्ट तयार करते.

ज्याचा कोटा भरत आलाय, त्याची फाइल मध्येच तुटते. राइटला एकही एरर नाही, स्क्रिप्ट 'झालं' सांगून मोकळी. अशी फाइल मागावर गेली की काठ झकास येतो आणि मधला मोर गायब. मास्तरांना कोटा समजावून सांगणं तर त्याहून अवघड.

डिलेड अलोकेशनचा संशय आहे. त्यात डिस्कवरचे ब्लॉक मागाहून ठरतात, मग कोटाही मागाहूनच तपासला जात असेल ना? सर्व्हरवर ते बंद करणारा नोडेलअलॉक पर्याय लावू का? एकच गोष्ट बसत नाही: तोच यूजर, तीच स्क्रिप्ट, थेट सर्व्हरवर चालवली की राइटलाच 'डिस्क कोटा एक्सीडेड' येतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) काही नाही.

प्रतिसाद १

मालक, नोडेलअलॉकच्या नादी लागू नका. ईएक्सटी४ ब्लॉकची जागा नंतर ठरवते हे खरं, पण कोट्यातला वाटा राइटच्या वेळीच राखून ठेवते. म्हणून सर्व्हरवर एरर लगेच दिसली. ऐनवेळी अलोकेशन फसलं असतं तर कर्नल लॉगमध्ये 'धिस शुड नॉट हॅपन!! डेटा विल बी लॉस्ट' असं चक्क लिहून येतं.

उशीर होतोय तो डिझायनरच्या मशीनवर. एनएफएस क्लायंट राइट स्वतःच्या मेमरीत ठेवून 'मिळालं' म्हणतो आणि सर्व्हरला सावकाश पाठवतो. सर्व्हरने नकार दिला की तो पुढच्या एखाद्या राइटला, एफसिंकला (डेटा लगेच डिस्कपर्यंत पोचवायला लावणारी कॉल) किंवा क्लोजला कळतो. क्लोजच्या मॅन पेजमध्ये (लिनक्सच्या माहितीपानात) एनएफएस आणि कोट्याचा हा इशारा स्पष्ट दिलाय, पण क्लोजचं उत्तर तपासतंय कोण!

स्क्रिप्टमध्ये फाइल नीट क्लोज होते का ते बघा. नुसती सोडून दिली तर पायथन ती नंतर बंद करतं, पण तेव्हाची एरर एक्सेप्शन होऊन तुमच्यापर्यंत येत नाही. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, फ्लश, एफसिंक, क्लोज, आणि सगळं निभावलं तरच रीनेम. मग जुनी फाइल तरी शाबूत राहते.

धागाकर्ता

फाइल आपोआप क्लोज करणारं पायथनचं 'विथ' स्क्रिप्टमध्ये नव्हतंच. एफसिंक घातल्यावर एरर बरोबर तिथेच आली. पण रंग वेगळे करणारा प्रोग्रॅम बाहेरून घेतलेला आहे, त्याचा सोर्स नाही. त्याचं काय?

प्रतिसाद १

त्या मशीनवर एनएफएस सिंक पर्यायाने माउंट करा. राइट मंदावतील, पण एरर जागच्या जागी येईल. शिवाय कोट्याची सॉफ्ट लिमिट (इशाऱ्याची मर्यादा) हार्ड लिमिटच्या (पक्क्या मर्यादेच्या) बऱ्यापैकी खाली ठेवा. ती ओलांडल्यावर साधारण ७ दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात वॉर्नकोटाचा (मर्यादा ओलांडल्याचं कळवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेल डिझायनरला जाऊ द्या.