मदत हवी आहे: ३×७ च ठेवू का १×९ करून घेऊ?

नमस्कार मंडळी, परतवाड्याजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो. माही एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, समोर ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चकत्या, मागं सात, १४ ते २८ दात्यांच्या, म्हणून ३×७, शिमानो टुर्नी, सायकल घेतली तेव्हाचाच सेट. आठवडाभर पांदणीनं शेतात ये-जा अन रविवारी पोरं जमली की चिखलदऱ्याचा घाट.

त्रास असा की जोर लावला की चेन सटकते. नवीन चेन टाकून झाली तरी मागच्या मधल्या दोन चकत्यांवर कटकट करून राहिली, बाकीच्यांवर काही नाही. दुसरं म्हणजे घाट. चिखलदरा ११०० मीटरच्या वर आहे, तिथं सगळ्यात हलका गिअर टाकूनही शेवटच्या वळणांवर उभं राहून पायडल मारावं लागते, अन सडक ओली असली की मागचं चाक जागीच फिरते. अन पावसाळ्यात काळी माती तर विचारूच नका, समोरच्या डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवते तो) अशी थापून बसते की चेन मोठ्या चकतीवरून खाली यायचं नावच घेत नाही, मंग धुऱ्यावर बसा अन पऱ्हाटीच्या काडीनं कोरत राहा.

अमरावतीच्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणते हे सगळं काढ, १×९ टाक, मायक्रोशिफ्ट कंपनीचा ॲडव्हेंट सेट, मागं नऊ चकत्या, ११-४२ नाहीतर ११-४६, समोर एकच ३२ ची चकती, समोरचा डिरेलरच गायब. ऐकाले भारी वाटते. पण मंग म्हणे तुह्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) फ्रीव्हील आहे, म्हणजे आट्यांनी कसलेला चकत्यांचा गठ्ठा, त्या हबवर कॅसेट, म्हणजे सरकवून बसवायचा गठ्ठा, बसत नाही, म्हणजे मागचं चाक नवीन. क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) चकत्या रिव्हेट मारलेल्या, सुट्या निघत नाहीत, म्हणजे क्रँकसेट नवीन. असं करता करता आकडा १६ हजारावर गेला. अख्खी सायकल १८ ची होती बाप्पा!

आता सांगा, एवढे घालू का? का यात अजून थोडे टाकून दुसरी सायकलच पाहू? घरी अजून बोललो नाही, सोयाबीनचे पैसे यायचे आहेत.

उत्तर:
भाऊ, सटकणं वेगळं अन घाट वेगळा, दुकानदारानं दोन्हीची एकच मोट बांधली. जुनी चेन ताणली की ज्या चकत्या जास्त वापरात असतात त्यांचे दाते तिच्यासोबतच घासतात, मग नवीन चेन त्या दात्यांत नीट बसत नाही अन जोर दिला की उडी मारते. तुमच्या दोनच चकत्यांवर होऊन राहिलं म्हणजे फ्रीव्हील गेलं, दुसरं काही नाही. पुढच्या वेळेस चेनला स्केलपट्टी लावत जा, २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत, १/१६ इंच वाढली की लगेच बदलायची, १/८ पर्यंत गेली की फ्रीव्हीललाही घेऊन बुडते.

आता घाट. तुमचा हलका गिअर समोरचे २४ दाते भागिले मागचे २८, म्हणजे ०.८६; आकडा जितका कमी तितका गिअर हलका. दुकानदाराचा ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६, ४६ ची कॅसेट घेतली तर ०.७०. अन सात स्पीडचंच १४-३४ चं मेगारेंज फ्रीव्हील टाकलं तर २४ भागिले ३४, ०.७१! फ्रीव्हील तसंही बदलायचंच आहे, हजार-बाराशेचा खेळ. खोट एकच, २४ नंतर एकदम ३४ येते, पाय अचानक हलके पडतात, सवय होते. मागचा डिरेलर लाँग केजचा (लांब पिंजऱ्याचा) आहे का ते पाहून घ्या अन चेन समोरच्या अन मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर टाकून पाहा, आत्ताची २८ च्या हिशेबानं कापली असेल तर आखूड पडेल. मातीचं दुखणं मात्र तसंच राहील, त्याला १×च बरं, पण त्यासाठी १६ हजार मी तरी नाही देणार.

दुसरं उत्तर:
वरचं पटलं, पण एक विचारतो, कॅरिअरवर चाऱ्याचं ओझं नेता का? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडची बेअरिंग पार आत असते, त्याच्या बाहेर ॲक्सलला (चाकाच्या आसाला) आधारच नाही, म्हणून वजन अन पांदणीचे गोटे मिळून तो वाकते, कधी तुटते पण. तसं असलं तर फ्रीव्हीलवर पैसे नका घालू, फक्त मागचं चाक कॅसेटवालं घ्या, ८-९-१० स्पीडचा फ्रीहब (कॅसेट जिच्यावर सरकते ती हबची नळी) असलेलं. त्याच्यावर ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरायचं कडं) टाकला की सात स्पीडची कॅसेट बसते, शिफ्टर डिरेलर सगळं हेच चालते, अन पुढं नऊ करायचं झालं तर चाक तेच. १२ स्पीडवाल्या मायक्रो स्प्लाइन फ्रीहबच्या नादी लागू नका, त्याच्यावर ही कॅसेट बसणार नाही अन परतवाड्यात त्याचं सामानही भेटणार नाही.

धागाकर्ता:
हे तर दुकानदारानं सांगितलंच नाही राजेहो. चारा असतेच मागं, कधी कधी युरियाची गोणी पण. मंग ॲक्सल वाकला का नाही ते घरच्या घरी कसं पाहू?

दुसरं उत्तर:
चाक काढा, आडवं धरा, दोन बोटांनी ॲक्सल हळू फिरवा. टोक एका जागी फिरलं तर सरळ आहे, गोल गोल डोललं तर वाकला. आजच पाहा अन इथं सांगा, फ्रीव्हील मागवायच्या आधी.