मूनस्टोनची अंगठी रोज वापरायचीय, पैलूवाला खडा घेऊ की कॅबोशॉन?

सायली_पुणे:
नमस्कार मंडळी, बहिणीने जयपूरच्या जोहरी बाजारातून मूनस्टोनचे दोन सुटे खडे आणलेत, एक घुमटासारखा गुळगुळीत आणि खालून सपाट, म्हणजे कॅबोशॉन, आणि दुसरा पैलू पाडलेला. एकाची चांदीत हाताने घडवलेली अंगठी करायचीय, रोज घालणार, ऑफिस, स्वयंपाक सगळं त्यातच. कारागीर म्हणतोय पैलूवाला घ्या, चार नख्यांत बसवतो, उठून दिसेल. पण मला त्या घुमटवाल्याची निळी झाक सोडवत नाहीये. काय करू?

खडेवाला_नाना:
घुमटवालाच घे, डोळे झाकून. मूनस्टोन म्हणजे चंद्रकांत, फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या कुळातला. आत दोन प्रकारच्या फेल्डस्पारचे अतिशय पातळ थर एकाआड एक असतात, त्यात उजेड विखुरतो आणि ती झाक दिसते. घुमटावर ती एका जागी येऊन तरंगते, पैलू पाडले की तुकडे तुकडे होतात तिचे. पैलूंची खरी मजा माणिक, नीलम, ॲमेथिस्ट अशा पारदर्शक खड्यांत, तिथे खालचे पैलू उजेड वर परत फेकतात. फक्त एक बघ, एकाच दिव्याखाली खडा धर आणि हळूहळू कलव. झाक माथ्यावर मधोमध यायला हवी. कापताना थरांची दिशा बघितली नसेल तर ती एका कडेला पडते, मग अंगठीत कायम वाकडीच दिसणार.

चांदीकाम:
नाना बरोबर. आणि नख्या अजिबात नकोत. मोहस स्केलवर, म्हणजे कठीणपणाच्या मापावर (आकडा मोठा तितका खडा कठीण), मूनस्टोन ६ ते ६.५, नीलम ९. आपल्या घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते ७, म्हणजे कोरड्या फडक्याने पुसलं तरी बारीक ओरखडे येतात, आधी धुवायची मग पुसायची. शिवाय हा खडा दोन दिशांना सहज फाटतो, ओट्यावर कडेने आपटला तर सरळ कपची उडते. चारी बाजूंनी पट्टीचं बंद कोंदण करायला सांगा, कड झाकली जाते. पट्टी शुद्ध चांदीची घ्या, मऊ असल्यामुळे खड्यावर जोर न देता वळते, खालची कडी ९२५ची, म्हणजे ९२.५ टक्के चांदीची, चालेल. दागिने साफ करायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू नका, कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, बस.

मीरा_ठाणे:
खडा खरा आहे ना ते पण बघून घे गं. ओपलाइट नावाची काच मूनस्टोन म्हणून सर्रास विकतात, काळ्या कापडावर निळसर आणि उजेडासमोर धरली की नारिंगी दिसते, कधीकधी आत बुडबुडेही. आणि रेनबो मूनस्टोन म्हणून मिळतो तो खरं तर लॅब्राडोराइट, दिसायला सुंदरच, पण खडा वेगळा.

सायली_पुणे:
बघितलं! नारिंगी नाही आणि झाक बरोब्बर माथ्यावर. बंद कोंदण फायनल. नंतर साइज वाढवता येते ना?

चांदीकाम:
येते, पण त्यासाठी बहुतेक वेळा खडा काढावा लागतो, डाख लावतानाच्या उष्णतेने तो तडकू शकतो. आणि काढताना पट्टीही खराब होते. म्हणून माप आत्ताच नीट द्या, सकाळच्या गारव्यात नको, संध्याकाळी घ्या, बोटं तेव्हा थोडी फुगलेली असतात. कडी रुंद करणार असाल तर माप किंचित सैल ठेवा.