सुबाभळीचा बुडखा काढायचाय, हत्यारं कोणती घेऊ?

कोरेगावची सून

नमस्कार. गोठ्यामागं सुबाभळीचा बुडखा आहे. सासऱ्यांनी शेळ्यांच्या चाऱ्याला लावलेलं झाड, उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनं सुबाभळीचा प्रसार केला त्या दिवसांतलं. मागच्या दिवाळीत माणूस लावून तोडून घेतलं. दीड फूट बुडखा वर ठेवलाय, आडवं माप 14 इंच. तेव्हापासून चार वेळा कोंब काढले, पंधरा दिवसांत परत फुटतात. शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून गिरमिटानं भोकं पाडून हिंगसुद्धा भरला, तरी फुटलाच.

तिथं आता न्हाणीघर बांधायचंय. एका बाजूला गोठ्याची भिंत सात फुटांवर, दुसऱ्या बाजूनं नळाची पाइप गेलीय. बोळ पाच फुटांचा, जेसीबी आत येत नाही. मी आणि बारावीतला मुलगा, दोघंच करणार. घरात कुदळ, खोरं आणि जुनी कुऱ्हाड आहे. परवा कुऱ्हाडीनं एक मूळ तोडायला गेले, खाली दगड लागला आणि धारेचा तुकडा उडाला. दुकानात एकानं चेनसॉ (साखळीची यंत्रकरवत) दाखवला, दुसऱ्यानं चेन पुली (हातानं साखळी ओढून वजन उचलायची कप्पी). पाच-सहा हजारांच्या वर जाता येणार नाही. नेमकं काय घेऊ? वर काळी माती, दोन फुटांखाली मुरूम.

रानवाटा

चेनसॉ घ्या. 58 सीसीचा, 22 इंची बारचा (साखळी फिरते ती पट्टी) मिळतो. माझ्याकडं तीन वर्षं आहे, बाभळीचे ओंडके लोण्यासारखे कापतो. पुढंही उपयोगी पडेल.

जुना विहीरकाम्या

ताई, चेनसॉ या कामाला घेऊ नका. रानवाटांचं खरं आहे, वरच्या लाकडाला त्यासारखं हत्यार नाही. पण मातीतल्या मुळाला साखळी लागली की दोन-चार मिनिटांत दात बोथट होतात, मग तो कापत नाही, नुसता धूर काढतो. त्यात खड्ड्यात वाकून धरलेला असताना बारचं टोक कशाला अडलं तर यंत्र उसळून तोंडाकडं येतं. बारावीतल्या पोराच्या हाती ते देऊ नका, हात जोडून सांगतो.

मी 11 वर्षं विहिरीच्या टोळीत होतो, त्यानंतर बांधावरचे बुडखे काढायची कामं घेतली. माझं सगळं काम चार वस्तूंवर झालं: पहार, टिकाव, कुऱ्हाड आणि छाटणीची करवत. तुमचे पैसे तिथंच घाला.

पहार पाच फुटी, एक इंच जाडीची घ्या. वजन पावणेसहा किलोच्या आसपास भरतं, दोघांना आलटून पालटून चालवता येते. सव्वा इंचीचं नऊ किलोच्या पुढं जातं, तासाभरात खांदे भरून येतील. पोकळ नळीची बिलकुल घेऊ नका, पहिल्या रेट्यालाच वाकते.

टिकाव घेतला की तसाच वापरू नका. त्याचं रुंद तोंड लोहाराकडून पाजवून घ्या, धार मुळं तोडायला लागते असं सांगा. मनगटाएवढी मुळं त्यानंच तुटतात आणि दगड लागला तरी कुऱ्हाडीसारखं नुकसान होत नाही. कुऱ्हाड नवी घेऊ नका. तुमचीच लोहाराकडं न्या, तुकडा उडालाय तिथवर धार मागं घेऊन तो नीट करून देईल. दांडा बाभळीचा बसवा आणि डोळ्यात पाचर ठोका. पाणी पाजून घट्ट केलेला दांडा वाळला की पुन्हा सुटतो, आणि सुटलेलं पातं कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

तुमची धार दगडानं गेली, पण कितीदा नुसत्या मातीनंही जाते. मूळ आधी पूर्ण उघडं करायचं. वरची माती टिकावानं, जवळची खुरप्यानं, आणि मुळाखालूनही वीतभर पोकळी करायची. मग तांब्याभर पाणी ओतून गोणपाटानं खसखसून पुसायचं. साल पिवळसर तपकिरी दिसायला लागली की मगच कुऱ्हाड उचलायची. आधी बुडख्यापासून दोन-अडीच फुटांवर तोडा, नंतर बुडख्याजवळ, आणि मधला तुकडा उचलून बाजूला टाका. तुकडा निघाला की पाय ठेवायला आणि कुऱ्हाड फिरवायला जागा होते. पाइपेच्या बाजूला मात्र टिकाव नको, कुऱ्हाड नको. तिथं खुरपं आणि छाटणीची करवत. द्राक्षाच्या बागेत वापरतात ती ओढताना कापणारी घ्या, अरुंद जागेत चांगली चालते.

सुबाभळीची आडवी मुळं थोडी, सोटमूळ मात्र खोल. म्हणून चारी बाजूंनी उकरत बसू नका. पाइपेच्या उलट्या बाजूनं उतरता खड्डा घ्या, अडीच-तीन फुटांवर सोटमूळ बारीक झालेलं मिळेल, तिथं तोडा. कोंब बुंध्याच्या गळ्यापासून, म्हणजे खोड आणि मूळ मिळतात तिथून फुटतात, तो निघाला की खालचं राहिलं तरी घोर नाही.

दीड फूट बुडखा ठेवलात हे फार बरं झालं. लोक जमिनीसपाट कापतात आणि मग दाबायला, बांधायला काही उरत नाही.

चेन पुली विकत घेऊ नका, एक टनी दिवसाच्या भाड्यानं मिळते. आधी विचारा की आडवी ओढायला चालते का, काही नुसत्या वर उचलायच्याच असतात. बांधायला जिवंत लिंब वगैरे जाड झाड हवं, सालीला गोणपाट गुंडाळून. गोठ्याच्या खांबाला बांधलीत तर बुडख्याआधी गोठा येईल. ताण बसला की साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. ट्रॅक्टर लावायची वेळ आलीच तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागं ओढायच्या दांड्यालाच. वरती अडकवली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटतो. अशानं गेलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि घाई करू नका. काळी माती ओली असली तर हत्याराला चिकटते, वाळली तर दगड होते. परतीचा पाऊस झाला की वापसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिकट ना कडक अशी होऊ द्या, मगच हात घाला.

कोरेगावची सून

दादा, खूप आभार. एकच शंका. एक दंडाएवढं मूळ थेट गोठ्याच्या भिंतीखाली गेलंय. ते पुलीनं ओढून काढू का?

जुना विहीरकाम्या

अजिबात नको. ते ओढलंत तर पायाखालचे दगड हलतील. भिंतीपासून दोन फुटांवर करवतीनं कापा आणि आतलं तसंच राहू द्या.

कोरेगावची सून

काल निघाला. चार दिवस लागले, सकाळी दोन-दोन तास. सोटमूळ पावणेतीन फुटांवर मिळालं, मुरमात शिरलेलं, तिथं माझ्या मनगटाहून जरा जाड. शेवटचे घाव मुलानं घातले. पुली आणली होती, पण पहारेच्या रेट्यानंच बुडखा कलला. पाइप शाबूत आहे. गोठ्याकडचं मूळ कापून ठेवलं. खड्डा कसा भरू? न्हाणीघराची फरशी त्यावरच येणार.

जुना विहीरकाम्या

शाब्बास दोघांची! लाकडाचे तुकडे आत राहू देऊ नका, कुजले की फरशी खचते. काळी माती परत घालू नका, मुरूम आणा. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थराला पाणी, मग धुमसानं ठोकून दाबायचं. जमल्यास फरशीआधी एक पावसाळा जाऊ द्या. आणि उकरलेल्या मातीत सुबाभळीचं बी असणार, ते वर्षानुवर्षं रुजत राहतं. रोपं बोटभर असतानाच उपटा.