प्रतिसाद: नुसते ‘इफ’ मोजून भागत नाही

वरच्या पोस्टमध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (प्रोग्राममध्ये स्वतंत्र वाटा किती, याचं माप) काढायला ‘इफ मोजा, त्यात १ मिळवा’ असं सूत्र दिलंय. अट साधी असेल तरच ते चालतं. हे उदाहरण घ्या: व्हाइल लूप, आत एकच इफ, पण त्याची अट ‘अ आणि ब’. अ खोटं ठरलं तर सी किंवा जावामध्ये ब तपासलाच जात नाही, म्हणजे तिथे दोन वेगळे फाटे आहेत. कोडचा आलेख काढा, प्रत्येक टप्पा म्हणजे नोड आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणारा बाण म्हणजे कडा: सुरुवातीचं आय = ० (आय म्हणजे फेऱ्या मोजणारा व्हेरिएबल), लूपची अट, अ, ब, इफच्या आतलं काम, आय वाढवणं, शेवट. नोड ७, कडा ९. माप म्हणजे कडा − नोड + २, म्हणून ९ − ७ + २ = ४. इफबरोबर व्हाइलही मोजला आणि १ मिळवला तरी ३ च येतात. हे माप मांडणाऱ्या मॅकेबने १९७६ मध्ये त्याला १० ही मर्यादा सुचवली ती प्रत्येक अट वेगळी धरणाऱ्या या ४ वाल्या मोजणीवर.

नेहमीची चूक म्हणजे आय = ० आणि लूपची अट एकाच ब्लॉकमध्ये (म्हणजे एकाच नोडमध्ये) कोंबणं. फेरी संपल्यावर मागे जाणारी उडी जिथे येऊन पडते तिथे नवा ब्लॉक सुरू व्हायलाच हवा. गंमत बघा, चुकीच्या आलेखातही ८ − ६ + २ = ४ च येतं, त्यामुळे आकड्यावरून चूक कळत नाही. पण त्या आलेखात दर फेरीला आय पुन्हा शून्य होतो, आणि त्यावर केलेलं डेटा-फ्लोचं विश्लेषण (कुठल्या व्हेरिएबलची किंमत कुठून कुठे पोचते ते शोधणं) सगळं चुकतं.