साठीनंतर उंच मोटरसायकल: खाली करावी की सोडावी?

ए-३०१ : गाडी २२० किलोची, सीट ८४० मिमी. स्वार ६४ वर्षांचा, थांबल्यावर फक्त चवडे टेकतात. लांबचे प्रवास सोडायचे नाहीत. लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा जोड) टाकावी की गाडीच हलकी घ्यावी?

बी-१०२ काका : आधी सीटकडे बघा. उंचीइतकीच रुंदी नडते. पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता केला की मांड्या जवळ येतात आणि पाय सरळ खाली जातो. फोम १५-२० मिमीच्या वर तासू नका. पुढे माकडहाड बोलायला लागतं, आणि लांबच्या प्रवासात तेच जास्त महागात पडतं.

ए-३०१ : आणि प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा आधीचा ताण, सैल केला तर?

बी-१०२ काका : नको. सामान चढलं की मागचं सस्पेन्शन खड्ड्यात तळाला आपटेल. स्वार बसल्यावर सस्पेन्शन जितकं एकूण दबू शकतं त्याच्या साधारण ३० टक्के दबलं पाहिजे.

सी-४०४ : लिंक टाकायचीच तर काका, पुढचंही सांगायला हवं. मागचं २५ मिमी खाली आलं आणि पुढचं तसंच राहिलं तर गाडी वळायला जड होते. म्हणून फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून जवळपास तेवढेच वर सरकवायचे. पण पूर्ण दबल्यावर चाक किंवा मडगार्ड रेडिएटरला लागत नाही ना, ते आधी तपासायचं. चेनचा सैलपणा नव्याने लावायचा.

सगळ्यात जास्त विसरतात तो साइडस्टँड! गाडी खाली येते, स्टँड तेवढाच राहतो. मग ती जवळजवळ उभीच राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे जाते. आखूड स्टँड लिंकसोबतच घ्या.

डी-२०३ वहिनी : पाय टेकणं हा अर्धाच प्रश्न आहे. या वयात खुबा आखडतो. टॉप बॉक्सवरून (सीटमागच्या पेटीवरून) पाय फिरवताना बूट अडकला की तोल गेलाच. जड वस्तू बॉक्समधून काढून बाजूच्या पेट्यांत, खाली आणि पुढच्या बाजूला ठेवा. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून चढणं सोपं वाटतं, पण सगळं वजन स्टँडच्या पिनवर येतं. मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलं असेल तरच करा.

सी-४०४ : आणि चढताना पुढचा ब्रेक दाबलेला हवा, गाडी गिअरमध्ये.

ए-३०१ : पडलीच तर एकट्याने उचलता येते का?

बी-१०२ काका : येते, पण कमरेने नाही. इंजिन बंद, सामान उतरवा, पहिला गिअर. उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच उघडा, नाहीतर उचलल्यावर पलीकडे जाईल. खालचं हँडल टाकीकडे येईल असं पूर्ण वळवा. सीटला पाठ लावून उकिडवे बसा. एक हात त्या ग्रिपवर, दुसरा मागच्या पक्क्या भागावर. पाठ सरळ ठेवून पायांनी रेटत छोट्या पावलांनी मागे सरका. डावीकडे पडली असेल तर स्टँड आधी उघडता येत नाही, सरळ झाल्यावर घाईने ढकलू नका.

डी-२०३ वहिनी : रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठल्या-उठल्या अंधारी येते. अशी गोळी चालू असेल तर थांब्यावरून उठून लगेच गाडीवर चढू नका, मिनिटभर उभे राहा. सर्दीच्या गोळीने पेंग येऊ शकते. मधुमेहात इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी साखर तपासा. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

ए-५०१ : रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात का? असतील तर फॉग लॅम्प विकत घेण्याआधी मोतीबिंदू तपासून घ्या.

ए-३०१ : म्हणजे आधी सीट, मग वाटलं तर लिंक.

बी-१०२ काका : हो. आणि त्याच्याही आधी बुटाचा तळवा. जाड तळव्याने १५ मिमी सहज मिळतात. रविवारी पार्किंगमध्ये टेप घेऊन येतो. प्रवासाचे बूट घालून या, सामानही लादून ठेवा. चपलेत घेतलेलं माप काही कामाचं नाही.