"आंघोळ : स्वतः करतात" आणि माझा सव्वा तास

रातपाळी : सासऱ्यांना अल्झायमर आहे, चौथं वर्ष. मदत किती लागते हे ठरवायला परवा एक बाई घरी आल्या. त्या आल्या आणि बाबा एकदम पूर्वीचे बाबा! "या, बसा. घर सापडायला त्रास नाही ना झाला?" स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १९ गुणही मिळवले. फॉर्मवर खूण झाली, "आंघोळ : स्वतः करतात". करतात की. पाणी तेच घेतात. मी दाराशी उभी राहून "आता साबण, आता पाठ, आता परत पाणी" करत असते, सव्वा तास. रात्री दोनला बूट घालून ऑफिसला निघतात, त्याला फॉर्ममध्ये चौकटच नाही. मला एकच प्रश्न, तोही त्यांच्या देखत : "तुमचं ठीक ना?" म्हटलं हो.

माझं म्हणणं, सांभाळणाऱ्याशी वेगळं बोलल्याशिवाय असलं मूल्यमापन ग्राह्यच धरू नये. आणि पेशंट स्वतःबद्दल सांगतो ते फार मनावर घेऊ नये.

मोजपट्टी : मी हेच काम करते. वेगळं बोलायला हवं, हे १०० टक्के मान्य. पण फॉर्मला नावं ठेवू नका. रोजची कामं माणूस स्वतः करतो का, हे बघणारी कॅट्झची यादी १९६३ची. तिच्यात आंघोळ, कपडे, शौचास जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी आहेत. देखरेख किंवा सूचना लागली तर माणूस 'स्वावलंबी' धरायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे चुकली ती खूण करणारी. आणि ३० गुणांची ती चाचणी स्मरण, भान, भाषा बघते. गॅस कोण बंद करतं ते तिला कसं कळणार?

उंबरठा : रातपाळी, 'पेशंटचं मनावर घेऊ नये' या तुमच्या वाक्याला कडाडून विरोध. माझ्या आईच्या वेळी सगळं भावानेच सांगितलं, ती शेजारी बसलेली असताना. "आंघोळीला नेलं की चिडते, मारते." लगेच औषधाची भाषा सुरू. शेवटी एका नर्सने आईलाच विचारलं, का गं जात नाहीस? आई म्हणाली, "खड्डा आहे." बाथरूमच्या दाराशी काळं पायपुसणं होतं! ते उचललं, आई आत गेली. न विचारता कळलं असतं?

रातपाळी : खड्ड्याचं पटलं. पण तुमच्या आईने सांगितलं तरी. आमचे बाबा विचारलं की "मला काही झालेलं नाही" म्हणतात. ते मनावर घेतलं तर मदत शून्य.

उंबरठा : मनावर घ्या म्हणजे खरं धरा असं नाही हो. पुढचं विचारा.

मोजपट्टी : म्हणून तर कॅम्बरवेलची वृद्धांसाठीची प्रश्नावली मला आवडते. रुग्णाच्या गरजांचे २४ विषय, वर सांभाळणाऱ्याचे २. रुग्ण, घरचे, कर्मचारी यांना तेच प्रश्न वेगवेगळे विचारायचे. उत्तरं जुळत नाहीत तिथेच खरं काम असतं.

कोरडा_माणूस : चालू द्या. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायची झारिटची प्रश्नावली मी भरली. २२ प्रश्न, ८८ पैकी ६३. बक्षीस काय, तर एक छापील पत्रक : 'स्वतःची काळजी घ्या'. मदतीला माणूस देणार नसाल तर मोजता कशाला? उगाच जखमेची लांबी-रुंदी.

मोजपट्टी : राग रास्त आहे. तरी आकडा कागदावर असला की सहा महिन्यांनी "तेव्हा ४०, आता ६३" असं दाखवून भांडता येतं. "थकले हो" म्हणून भांडता येत नाही. रातपाळी, पुढच्या भेटीआधी दोन आठवडे रात्रीची वही ठेवा. वेळ लिहा फक्त.

कोरडा_माणूस : म्हणजे अजून एक काम तिलाच.

रातपाळी : 😄 तेवढं जमेल, जागीच असते. कालचं : १.४०, ३.१०, ४.५५.

उंबरठा : ते काय म्हणाले तेही लिहा.

रातपाळी : ३.१० ला : "आईला सांगितलंस का, मी निघालो म्हणून?" हे कुठल्या चौकटीत घालू?